बाकाखालचे पाट

३ मार्च

ठिणगीस,

दादाचा आशीर्वाद. नको असेल तर पाकिटातच राहू दे, तिथे तो खराब होत नाही.

आधी मी लिहितोय म्हणजे मी नमलो, असा अर्थ काढू नकोस. काल पेपरात उमेदवारांची नावं आली, त्यात तुझं वाचलं. फोटोही पाहिला. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलाय. इतकी वर्षं बस चालवणाऱ्याचा येत असेल. हे मी बोलून दाखवलं तर तुझी वहिनी म्हणाली, "चार वर्षांनी बहीण दिसली, तीही पेपरात, आणि तुम्ही खांदे कसले मापताय?" सवय आहे, दुसरं काय.

मागचं एकदाच लिहितो, म्हणजे परत लिहायला नको. मागच्या निवडणुकीत तू म्हणालीस, दादा, माझ्या व्यासपीठावर ये, दोन शब्द बोल. मी म्हणालो, संसदेचा नोकर कुठल्याही उमेदवाराच्या व्यासपीठावर चढत नाही, तसा नियम आहे. तू म्हणालीस, "तू अगदी लाकूड झालायस." मी म्हणालो, लाकडात वाईट काय आहे? तू फोन आपटलास. मग तू थोडक्यात पडलीस आणि आपलं बोलणं बंद झालं. नियम आजही तोच आहे. मीही तोच आहे. पण बहिणीला पत्र लिहू नये असं नियमात कुठेही नाही. सगळी पुस्तिका वाचून खात्री केली.

प्रचाराबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. माझ्या कामाबद्दल लिहीन. ते तू कधी विचारलं नाहीस, आणि मीही आपण होऊन सांगणाऱ्यांतला नाही. (वहिनी मागे उभी राहून हसतेय. का, ते कळलं नाही.)

आमचा सुतारकामाचा कारखाना सभागृहाच्या बरोबर खाली आहे. वर कोण काय बोलतं ते ऐकू येत नाही, पण सगळे उठले की छत धडधडतं. मोठा ठराव मंजूर झाला की रंधा थांबवून मी वर बघतो. कोणता ठराव ते दुसऱ्या दिवशी कामकाजाच्या छापील खंडात वाचतो. शाळा आठवीत सुटली, पण हे खंड मी पहिल्यापासून आजपर्यंत जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलेत. अधीक्षकांना काही अडलं की ते फोन खाली करतात, वाचनालयात नाही.

वरचे बाक फार जुने. जमिनीला लोखंडी पट्ट्यांनी जखडलेले, हलत नाहीत. ज्याने केले त्याचा हात मोठा होता, सांध्यात आजही नख शिरत नाही. फक्त त्याने ते करताना बायका इथे बसतील असं धरलंच नव्हतं. बैठक इतकी उंच की साधारण उंचीची बाई बसली तर पाय लोंबकळतात. पुढचं पुढच्या पत्रात.

कळावे. लोभ नसला तरी पत्र फाडू नये.

दादा


१९ मार्च

ठिणगीस,

उत्तर नाही. ठीक. सभा असतील.

पहिली बाई निवडून आली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते माझे मिस्त्री तेव्हा कारखान्यात नवे होते. बाईंचे पाय जमिनीला टेकेनात, म्हणून त्या आपली चामड्याची पिशवी पायाखाली घेऊन बसायच्या. लोकांना वाटायचं, बाईंचा पिशवीवर फार जीव. एकदा मिस्त्री दाराची बिजागरी बघायला वर गेले आणि त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंच्या बाकाखाली एक लाकडी पाट सरकवून ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला विचारलं नव्हतं. बाई बसल्या, पिशवी उचलून शेजारी ठेवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाऊण तास बोलल्या. खंडात आहे, बघ हवं तर.

तेव्हापासूनची पद्धत अशी: नवीन बाई निवडून आली की ती एकदा खाली कारखान्यात येते. वरच्या बाकाच्या उंचीची एक खुर्ची आमच्याकडे आहे, तिला मापाची खुर्ची म्हणतात. बाई बसतात. आम्ही त्यांच्या पायाखाली पातळ फळ्या एकावर एक सरकवत जातो. कुठेतरी त्या "हां" म्हणतात. तेवढ्या उंचीचा पाट. "चालेल" म्हटलं तर मिस्त्री आणखी एक फळी सरकवायचे. त्यांना "हां"च लागायचं. मलाही लागतं.

एकीच्या तीन झाल्या. मग एका निवडणुकीत तिघींतल्या दोघी पडल्या आणि दोन पाट परत आले. मिस्त्रींनी ते पुसून फडताळात ठेवले. आमचा एक रंगारी त्यावर चहाचा कप ठेवायला गेला तर म्हणाले, "उचल. जागा राखीव आहे." पुढे सहा झाल्या, मग चार, मग नऊ. आमच्याकडे निवडणुकीचा निकाल असा कळतो: पाट खाली आले की वर बायका कमी झाल्या.

आणि दाराची गोष्ट. त्या काळी बायकांचं स्वच्छतागृह दोन मजले खाली, मागच्या अंगाला. मतदानाची घंटा वाजली की थोड्या वेळात सभागृहाची दारं लागतात, मग कोणालाही आत घेत नाहीत. एकदा आमच्या एक सदस्य, पेशाने वकील म्हणून सगळे त्यांना वकीलबाई म्हणायचे, धापा टाकत वर आल्या आणि दार त्यांच्या नाकासमोर लागलं. ठराव एका मताने पडला. बाई तिथेच पायरीवर बसून हसायला लागल्या. मिस्त्री म्हणायचे, ते हसू ऐकून माझे कान तापले. सभागृहाला लागून पुरुषांच्या टोप्या-छत्र्या ठेवायची खोली होती. टोप्या घालणं कधीच सुटलं होतं. वकीलबाईंनी अर्ज केला, मंजूर व्हायला दोन वर्षं गेली, आणि त्या खोलीचं स्वच्छतागृह करायचं काम आमच्याकडे आलं. मी तेव्हा नुकताच लागलो होतो. ते दार माझ्या हातचं पहिलं. काम चालू असताना एक जुने सदस्य येऊन गुरगुरले, "मग मी माझी छत्री ठेवू कुठे?" मिस्त्री खिळा तोंडात धरूनच म्हणाले, "साहेब, छत्रीला मत नसतं."

आता फडताळात सहा पाट आहेत. पाच पडलेल्या बायकांचे. सहावा कोणाचाच नाही. म्हणजे आहे. सोड, तो विषय नाही.

कळावे. उत्तराची वाट बघत नाहीये.

दादा


७ एप्रिल

ठिणगीस,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांत पहिलं, आणि त्यात चार ओळी. "दादा, वकीलबाईंच्या दाराची गोष्ट तीन सभांत सांगितली. लोक हसतात आणि मग गप्प होतात. छत्रीला तर टाळ्या. अजून आहे का काही?" अक्षर अजून तसंच, बस ब्रेक लागल्यावर पुढे झुकते तसं.

आता याचं काय झालं ते ऐक. तुझं भाषण पेपरात आलं. अधीक्षकांनी मला वर बोलावलं.

"ही गोष्ट तुमच्याकडून गेली?"

"गोष्ट खंडात छापलेली आहे, साहेब. छत्रीचं वाक्य तेवढं नाही."

"म्हणजे ते तुमच्याकडून गेलं."

"बहिणीला पत्रातून. घरगुती."

ते विचारात पडले. माणूस सरळ आहे, माझ्यासारखाच नियमाचा. म्हणाले, "एका उमेदवाराला इथली माहिती मिळाली आणि बाकीच्यांना नाही, हा पक्षपात झाला."

मला ते पटलं. खरंच पटलं. म्हणून त्या रविवारी बसून मागचं पत्र मी सुवाच्य अक्षरात चार वेळा उतरवलं, तुझ्या उत्तराचं आणि सहाव्या पाटाचं सोडून, आणि तुझ्या मतदारसंघातल्या बाकीच्या चारही उमेदवारांना पाठवलं. वहिनी म्हणाली, "बहिणीच्या विरोधकांना भाषणं लिहून पाठवणारा भाऊ मी जन्मात पाहिला नव्हता." मी म्हणालो, तुझं जग लहान आहे.

तिघांचं उत्तर नाही. चौथे, ते निवृत्त फुटबॉल प्रशिक्षक, त्यांनी लिहिलं: "आभारी आहे. पत्र घरी मोठ्याने वाचलं. तेव्हापासून बायको म्हणतेय की मत तुमच्या बहिणीला. पुन्हा पत्र पाठवू नये."

तेव्हा आणखी गोष्टी नाहीत. असत्या तर पाच प्रती कराव्या लागल्या असत्या.

कळावे. घसा सांभाळ.

दादा

(वहिनीचं: वन्सं, हे रोज पोस्टमनच्या वेळेला दारात उभे असतात आणि बिजागरी तपासतोय म्हणतात. बिजागरी ठणठणीत आहे.)


१२ मे

ठिणगी,

निकाल कारखान्यातल्या रेडिओवर ऐकला. सभागृहाच्या नोकराने कोणत्याही निकालावर आनंद किंवा खेद दाखवू नये, हाही नियम आहे, म्हणून मी रंधा घेतला आणि समोरची फळी साफ करत राहिलो. ती साफच होती. तुझा आकडा सांगून झाला तेव्हा फळी एवढी पातळ झाली होती की तिचं काही करता येईना. घरी आलो तर वहिनीने दारातच केसांतला भुसा झटकला आणि विचारलं, "किती फळ्या?" मी म्हटलं, एकच.

या वेळी चौतीस बायका. आजवर एवढ्या कधीच नव्हत्या. वापरात एकोणीस पाट होते, फडताळात सहा, त्यामुळे उरलेले नवीन करायचेत. पुढचे तीन आठवडे मापाच्या खुर्चीसमोर रांग असेल.

तू मात्र माप द्यायला यायची गरज नाही. तुझा पाट तयार आहे. चार वर्षांपासून आहे. फडताळातला सहावा. लाकूड मी माझ्या खर्चाने आणलं होतं आणि काम कामाची वेळ संपल्यावर केलं, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्न येत नाही. तू तेव्हा पडलीस म्हणून तो तिथेच राहिला. वर्षातून दोनदा तेलपाणी केलं, लाकूड सुकतं म्हणून. तू व्यासपीठावर बोलावलंस तेव्हा तो अर्धा झालेला होता. सांगणार होतो, तेवढ्यात तू फोन आपटलास.

माप कुठून घेतलं म्हणशील, तर आपल्या स्वयंपाकघरातलं स्टूल आठव. त्यावर बसून तू भाजी निवडायचीस, पाय जमिनीला अगदी सपाट टेकलेले. ते स्टूल माझ्याकडेच आहे. त्याची उंची म्हणजे तुझ्या पायाची उंची. बाकाच्या उंचीतून ती वजा केली की पाट. साधा हिशोब आहे आणि माझा हिशोब चुकत नाही.

कळावे. अभिनंदन नियमात बसत नाही, ते वहिनीने खाली लिहिलंय.

दादा

(वहिनीचं: अभिनंदन अभिनंदन अभिनंदन. यातली दोन यांची आहेत.)


३० मे

ठिणगी,

परवा जे झालं ते तुला माहीत आहे, पण तुला तुझीच बाजू माहीत. माझी लिहून ठेवतो.

शपथविधी होता. मी सकाळीच तुझ्या बाकाखाली पाट ठेवला, दोनदा सरळ केला आणि खाली आलो. दुपारी वरचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. चेहऱ्यावरून कळलं की त्याने ती वाचलीये. "पाट उंच आहे. गुडघे हनुवटीला लागतात. शपथविधीभर घडी केल्यासारखी बसले होते. — सदस्य."

मी म्हणालो, अशक्य. शिपाई म्हणाला, "मी बघितलं ना मिस्त्री. बाई टोपलीत बसल्यासारख्या दिसत होत्या." मी रागाने त्याला खाली हाकलणार होतो, मग लक्षात आलं, आपण खालीच आहोत.

घरी फोन लावला. वहिनीला म्हटलं, स्टूल माप. तिने मापून आकडा सांगितला. म्हटलं, बघ, तोच आहे. त्यावर ती म्हणाली, "आकडा तोच असणार. पण हे स्टूल डुगडुगतं म्हणून तुम्ही त्याचे पाय कापलेत ना. एकदा एक कापलात, मग बाकीचे तीन त्याला जुळवलेत, मग पुन्हा एक. लग्न झाल्यापासून मी बघतेय. सासूबाई म्हणायच्या, थोड्या दिवसांनी त्याचा पाट होईल."

चार अंगुळं तरी गेली असतील त्या स्टुलाची. म्हणजे ज्या स्टुलावर तू बसायचीस ते निराळं आणि ज्याचं मी माप घेतलं ते निराळं. माप न घेता "हां" गृहीत धरलं की असं होतं. मिस्त्री असते तर एक शब्द बोलले नसते, नुसते मापाच्या खुर्चीकडे बघितले असते.

संध्याकाळी कारखान्याचं दार वाजलं. तू. हातात पाट. चार वर्षांनी समोरासमोर, आणि तुझं पहिलं वाक्य, "तक्रार नोंदवायची आहे."

मी म्हणालो, "बसा, सदस्य."

"सदस्य काय रे, दादा."

"कामाच्या वेळेत सदस्यच."

"किती वाजेपर्यंत असते तुझी कामाची वेळ?"

घड्याळ बघितलं. संपली होती. तसं सांगितलं. मग तू जे रडलीस-हसलीस ते मी लिहीत नाही. मी रडलो नाही, कारखान्यात भुसा उडतो.

मग मापाच्या खुर्चीवर बसवून मी तुझ्या पायाखाली एकेक फळी सरकवायला लागलो. तिसऱ्या फळीला विचारलं, चवथ्या फळीला विचारलं, तू काहीच बोलेनास. "हां" म्हण ना, असं म्हटलं तर तू म्हणालीस,

"दादा, माझ्या बसमध्ये सीटखाली एक दांडा असतो. पाय पोचले नाहीत तर सीट खाली घ्यायची. दोनशे ड्रायव्हर आहेत आमच्या आगारात. कोणालाही कोणी पाट दिलेला नाही."

"बस वेगळी."

"बस चालवायची असते म्हणून पाय पोचावे लागतात. देश बसल्या बसल्या चालतो का?"

मी म्हणालो, बाक जखडलेले आहेत. तू म्हणालीस, कोणी जखडले? मी म्हणालो, सुताराने. तू नुसती माझ्याकडे बघत बसलीस. लहानपणीही तू असंच करायचीस आणि शेवटी झाडावर मलाच चढावं लागायचं.

नवा पाट सोमवारी ठेवतो. पाचव्या फळीला तू "हां" म्हणालीस, पण ते मनापासून नव्हतं. मला कळतं.

कळावे. रविवारी जेवायला ये. स्टूल अडगळीत टाकलंय.

दादा


२६ ऑगस्ट

ठिणगी,

अधिवेशन संपवून तू घरी पोचलीस, बस आणि लोक जागेवर आहेत, हे वाचून बरं वाटलं. इथलं कळवतो.

आधी एक गोष्ट साफ करतो. तू सभागृहात बाक खाली घेण्याचा ठराव मांडलास तेव्हा मी चार दिवस तुझ्याशी नीट बोललो नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. चौतीस पाट ही माझी कारागिरी होती. बाहेरच्या देशांतले पाहुणे आले की अधीक्षक त्यांना एक पाट उलटा करून सांधे दाखवायचे. आणि माझीच बहीण उभी राहून सांगते की हे नकोतच. रविवारी वहिनीला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "बाकांचं काम कोण करणार?" मी म्हणालो, मीच, दुसरं आहे कोण? "किती बाक?" तीनशेच्या वर. "मग चौतीस पाट मोठे की तीनशे बाक?" त्यानंतर मी जेवलो.

ठरावाच्या दिवशी मी प्रेक्षकसज्ज्याच्या दारात उभा होतो, बिजागरीचं निमित्त होतं. विरोधी नेते उठले. ते उठले की पंख्याची काळजी वाटते, एवढे उंच. म्हणाले, "अध्यक्ष महाराज, बाक खाली गेले तर आमच्यासारख्यांनी पाय कुठे ठेवायचे?" सगळे हसले. तू उठलीस आणि म्हणालीस, "आमच्या सुताराकडे मापाची खुर्ची आहे. सन्माननीय नेत्यांनी एकदा खाली जाऊन यावं. मी जाऊन आलेय." आणखी हसले. नोकराने हसू नये, म्हणून मी चेहरा लाकडासारखा ठेवला. तूच म्हणतेस ना, मी तसाच आहे. त्या दिवशी फार उपयोग झाला.

ठराव मंजूर झाला, आणि तू गेलीस तेव्हापासून काम चालू आहे. नव्या इंजिनिअर बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, बैठक खाली घेतली की पुढचं लिहायचं टेबलही खाली घ्यावं लागेल, नाहीतर सगळ्यांची हनुवटी टेबलावर येईल." मी म्हणालो, माझ्या डोक्यात होतं. नव्हतं. हे तुलाच लिहितोय, बाकीच्या चार प्रती निघणार नाहीत. मुलगी हुशार आहे. आता आम्ही रोज भांडतो आणि काम वेळेवर चाललंय.

काल विरोधी नेते खरंच खाली आले. मापाच्या खुर्चीवर बसले. ती मी आता नव्या उंचीला आणलीये. गुडघे छातीपर्यंत. म्हणाले, "मिस्त्री, काहीतरी करा." मी बैठकीवर पातळ फळ्या एकावर एक रचत गेलो आणि दर वेळी त्यांना उठवून बसवत गेलो. "चालेल," ते म्हणाले. मी आणखी एक ठेवली. ते बसले, पाय सरळ झाले आणि म्हणाले, "हां." मग जाता जाता दारात थांबले. "एवढी वर्षं बाया कशा बसल्या हो?" मी म्हणालो, साहेब, खंडात आहे, वाचा. बरेच उंच सदस्य नावं देऊन गेलेत. रांग आहे.

आणि आज शेवटचे पाट खाली आले. फडताळ भरलं, मग जमिनीवर रचले. मी मघाशी एकटाच त्यांच्यासमोर बसलो होतो. मिस्त्रींपासून आजपर्यंत पाट परत आले ते दर वेळी बाया गेल्या म्हणून. पाट परत आले आणि वर बाया सगळ्या जागेवर आहेत, असं पहिल्यांदाच झालं. मिस्त्रींना दाखवायला हवं होतं. रंगाऱ्याला बोलावलं आणि म्हटलं, ठेव त्यावर चहा. तो घाबरला. मग मीच ठेवला.

अधीक्षकांच्या हुकमाप्रमाणे पाट मोजून जमा केले. ते चौतीस भरले, तुझा सोमवारचा पाट धरून. पण फडताळातला तो सहावा, उंच झालेला, कुठेच नाही. तो कोणी नेला ते मला माहीत आहे. शिपायाने तुला पिशवीसकट आगगाडीत बसवलं आणि पिशवी फार जड होती म्हणतो. तो सरकारी नाही, लाकूड माझं होतं, म्हणून नोंद केली नाही. राहू दे तुझ्याकडे. वहिनीला तू लिहिलंस की त्यावर बसून भाजी निवडते, आणि तिथे उंची अगदी बरोबर होते. ते तिने मला वाचून दाखवलं. दोनदा.

फक्त एक ध्यानात ठेव. कधी डुगडुगला तर त्याचे पाय कापू नकोस. मला बोलव.

दादा